धागा: ई४ आहे, स्मरणशक्ती शाबूत आहे, मग एमआरआयमध्ये काय दिसणार?

आडकित्ता

एपीओई या, अल्झायमरच्या धोक्याशी जोडलेल्या जनुकाची तपासणी हल्ली थुंकी नळीत भरून कुरियरने पाठवली तरी होते. रिपोर्टवर 'ई३/ई४' (म्हणजे जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक धोका वाढवणाऱ्या ई४ वाणाची) दिसलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मेंदूचा एमआरआय करून घेऊ का? हा धागा त्या प्रश्नापुरता. ज्यांना विसरण्याची तक्रार आहे त्यांचा मार्ग वेगळा, तो इथे नको. इथे बोलायचंय साठी-सत्तरीतल्या, हिशोब चोख ठेवणाऱ्या, धडधाकट माणसांबद्दल.

एपीओई हे जनुक १९व्या गुणसूत्रावर असतं. त्याचं प्रथिन मेंदूत मुख्यतः अ‍ॅस्ट्रोसाइट पेशी बनवतात. काम म्हणाल तर कोलेस्टेरॉल आणि इतर स्निग्ध पदार्थांची हमाली. २९९ अमिनो आम्लांच्या या साखळीत तीन वाणांमधला फरक फक्त दोन जागांवर आहे, ११२ आणि १५८. ई२ मध्ये दोन्हीकडे सिस्टीन, ई४ मध्ये दोन्हीकडे आर्जिनीन, आणि ई३ मध्ये ११२ ला सिस्टीन, १५८ ला आर्जिनीन. एवढ्याशा फरकाने प्रथिनाची घडी बदलते, आणि बीटा-अमायलॉइडचा (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणाऱ्या प्रथिनाचा) निचरा ई४ असणाऱ्यांत मंदावतो.

उतारवयातल्या अल्झायमरशी ई४चा संबंध १९९३ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठातल्या गटाने दाखवला. युरोपीय वंशाच्या लोकांत एका प्रतीमुळे धोका साधारण तिप्पट होतो. दोन प्रती असतील तर आठ ते पंधरा पट असे आकडे येतात. मात्र हे आकडे बहुतेक दवाखान्यांत आलेल्या रुग्णांवरून काढलेले आहेत. वस्तीतली सरसकट माणसं घेतली की ते खाली येतात. आणि 'तिप्पट' ऐकून घाबरण्याआधी मूळ धोका किती, हे विचारायला हवं. लोकसंख्येवर आधारलेल्या अंदाजांनुसार वयाच्या ८५व्या वर्षापर्यंत सौम्य विस्मरण किंवा डिमेन्शिया होण्याची शक्यता ई४ नसलेल्यांत १०-१५ टक्के, एक प्रत असलेल्यांत २०-२५, आणि दोन असलेल्यांत ३० ते ५५ टक्के आहे. म्हणजे एक प्रत असलेल्या चारांपैकी तिघांना तरी त्या वयापर्यंत काही झालेलं नसतं.

आता मेंदूचं. हिप्पोकॅम्पसचं (आठवणी घडवणाऱ्या भागाचं) आकारमान, त्याला लागून असलेल्या एन्टोरायनल कॉर्टेक्सची (कॉर्टेक्स म्हणजे मेंदूचा वरचा करडा थर) जाडी आणि पांढऱ्या द्रव्यातले (आतल्या तंतूंच्या भागातले) डाग या तीन गोष्टींभोवती बहुतेक अभ्यास फिरतात. जाणकारांनी भर घालावी.

तिरफळ

मोजमापाची बाजू मी घेते, कारण निम्मा गोंधळ तिथेच होतो.

एका बाजूचा हिप्पोकॅम्पस साडेतीन-चार मिलिलिटरचा, म्हणजे चहाच्या चमचाभरसुद्धा नाही. तो मोजायला एमआरआयचं टी-वन प्रकारचं त्रिमित चित्र लागतं, एक मिलिमीटरच्या चौकोनी ठोकळ्यांचं. पाचेक मिनिटं माणसाने अजिबात हलायचं नसतं. मग फ्रीसर्फरसारखी संगणक प्रणाली काही तास चालून कवटी सोलते, पांढरं-करडं द्रव्य वेगळं करते आणि आकडे देते. आकडा तीन दशांश स्थळांपर्यंत येतो, म्हणून तो खरा वाटतो.

घोळ कुठे होतो ते सांगते.

डोकं हललं की कॉर्टेक्स प्रत्यक्षापेक्षा पातळ आणि हिप्पोकॅम्पस लहान दिसतो. वय, कंप, पाठदुखी, खोकला यांनी हालचाल वाढते. त्यामुळे जो गट जास्त हलला त्याचा मेंदू 'जास्त झिजलेला' ठरतो. चित्र उघड खराब असेल तर कुणीही टाकून देतं. थोडंसं धूसर चित्र मात्र आत राहतं आणि निकाल वाकवतं.

एन्टोरायनल कॉर्टेक्सला मेंदूचं बाहेरचं आवरण अगदी चिकटून असतं. प्रणालीने ते आवरण कॉर्टेक्समध्ये धरलं की जाडी उगाच वाढते. उभ्या आडव्या छेदांत एकेक काप बघून प्रणालीने आखलेली पिवळी-लाल रेघ आवरणावर सांडली आहे का हे डोळ्यांनी तपासावं लागतं. शेकड्यांनी स्कॅन असतील तर हा कंटाळवाणा भाग आधी गाळला जातो. आणि हीच जागा अल्झायमरमध्ये सगळ्यांत आधी बिघडणाऱ्यांपैकी!

तिसरं म्हणजे प्रणालीची आवृत्ती. अर्धे स्कॅन एका आवृत्तीवर आणि अर्धे पुढच्या आवृत्तीवर चालवले तर दोन गटांत फरक हमखास 'सापडतो'. मशीन बदललं, कॉइल बदलली, मशीनचं सॉफ्टवेअर अद्ययावत केलं, तरी तेच.

दोनपैसे

तिरफळ, +१. डोक्याच्या आकाराचा मुद्दा जोडतो. मोठं डोकं, मोठा हिप्पोकॅम्पस. पुरुष आणि बायका एकाच तराजूत घालायचे तर कवटीच्या आतल्या एकूण आकारमानाची दुरुस्ती हवी. बरेच जण सरळ भागाकार करतात. त्याने दुरुस्ती गरजेपेक्षा जास्त होते, कारण डोकं दुप्पट झालं म्हणून हिप्पोकॅम्पस दुप्पट होत नाही. प्रतिगमन करून, म्हणजे डोक्याच्या आकारावरून अपेक्षित आकडा काढून, उरलेला भाग घेणं बरं.

आता 'फरक सापडला' म्हणजे किती, ते हिशोबाने बघू. समजा, ई४ असलेल्या निरोगी गटाची सरासरी दुसऱ्या गटापेक्षा प्रमाण विचलनाच्या (आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्या मापाच्या) एक दशांशाने कमी आहे. काही हजार स्कॅन असतील तर एवढा फरक सांख्यिकीदृष्ट्या ठळक ठरतो, शोधनिबंध छापून येतो. पण दोन्ही वक्र एकमेकांवर ठेवले तर ९६ टक्के भाग सामाईक निघतो. दोन्ही गटांतून एकेक माणूस डोळे मिटून उचला, असं शंभर वेळा करा. ई४ नसलेल्याचा हिप्पोकॅम्पस मोठा निघेल सुमारे ५३ वेळा. उरलेल्या ४७ वेळा उलटं. नाणेफेकीपेक्षा किंचित बरं, इतकंच.

त्यामुळे निरोगी माणसाच्या एका स्कॅनवरून त्याचं जनुक ओळखता येत नाही, आणि जनुकावरून स्कॅन कसा असेल तेही सांगता येत नाही.

पायवाट

पण यूके बायोबँक या ब्रिटनमधल्या आरोग्यमाहितीच्या प्रचंड साठ्यातही ई४ आणि मेंदूचा आकार यांचा संबंध ठळक का दिसत नाही? मोठा फरक नसेल, मान्य. तिथे तर एक लाख माणसांचे स्कॅन आहेत.

आडकित्ता

त्या साठ्यातल्या सुमारे ८४०० जणांवरचा एक अभ्यास २०२० च्या सुमारास आला. एकूण मेंदूच्या आकाराशी ई४चा संबंध त्यांना दिसला नाही, पांढऱ्या द्रव्याच्या अखंडतेशीही नाही. पांढऱ्या द्रव्यातल्या डागांशी मात्र दिसला. एका स्कॅनवरून हे चित्र अपेक्षितच म्हणायचं.

कारणं दोन-तीन आहेत. एक, तिथे भरती झालेली माणसं मुळात निरोगी, शिकलेली, स्वतःहून आलेली. स्कॅनला येणारी त्याहून निवडक. दोन, ई४ घेऊन पंच्याऐंशीपर्यंत ठणठणीत राहिलेला माणूस हा गाळणीतून उरलेला माणूस आहे. ज्यांच्यावर ई४चा परिणाम झाला ते आजारी पडून 'निरोगी' या व्याख्येबाहेर गेले. म्हणून वय जितकं जास्त, तितका 'निरोगी ई४' गट बाकीच्यांसारखा दिसतो. तिसरं कारण मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. ई४ थेट हिप्पोकॅम्पस कुरतडत नाही. आधी अमायलॉइड साचतं, लक्षणांच्या पंधरा-वीस वर्षं आधीपासून. मग टाऊ हे दुसरं प्रथिन पसरतं. झीज टाऊच्या मागोमाग येते. साठीतल्या ई४वाल्यांत काहींकडे अमायलॉइड असतं, बऱ्याच जणांकडे नसतं. सगळ्यांना एकत्र मोजलं की खरा परिणाम पाण्यात साखर विरावी तसा विरतो.

साखरभात

दोन प्रतींचा अपवाद इथे सांगायलाच हवा. २०२४ मध्ये नेचर मेडिसिनमध्ये बार्सिलोनाच्या गटाचा निबंध आला. त्यात ई४/ई४ असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त जणांच्या पाठीच्या मणक्यातल्या पाण्यात ६५व्या वर्षापर्यंत अमायलॉइडची पातळी बिघडलेली होती. त्यांनी तर याला अल्झायमरचा वेगळा आनुवंशिक प्रकार म्हणावं असं सुचवलं. त्यावर वाद झाला, कारण त्यातली माणसं बहुतेक युरोपीय वंशाची आणि संशोधन केंद्रांत आलेली. तरी ई३/ई४ आणि ई४/ई४ एकाच खान्यात टाकणारा निबंध दिसला की मी तक्ता आधी बघते. 'ई४ असलेले' या गटात दोन प्रतींवाले मूठभर असतात आणि निकाल कधीकधी तेच ओढून नेतात.

घरबसल्या तपासणीच्या कच्च्या माहितीतून एपीओई काढणाऱ्यांसाठी: दोन जागा बघायच्या, आरएस४२९३५८ आणि आरएस७४१२. पहिलीवर टी, दुसरीवर टी म्हणजे ई२. टी आणि सी म्हणजे ई३. सी आणि सी म्हणजे ई४. प्रत्येक माणसाकडे असे दोन संच. दोन्ही जागी सीटी आलं तर ई२/ई४ धरतात.

चुका होतात त्या अशा. पहिली जागा बऱ्याच चिपांवर नीट वाचली जात नाही. मग ती शेजारच्या जागांवरून अंदाजाने भरलेली असते, आणि ते फाइलमध्ये ठळक लिहिलेलं नसतं. काही फाइली डीएनएच्या उलट धाग्यावरची अक्षरं देतात, त्यात टी-सी ऐवजी ए-जी दिसतं. क्रमांकही दोन: जनुकसंचाच्या जुन्या नकाशात आरएस४२९३५८ चा पत्ता ४५४११९४१, नव्यात ४४९०८६८४. दोन नकाशे मिसळले की भलतीच जागा वाचली जाते. या माहितीवर काही ठरवायचं असेल तर ईडीटीएच्या जांभळ्या बुचाच्या नळीत रक्त देऊन वैद्यकीय प्रयोगशाळेतून पुन्हा तपासणी करावी.

पायवाट

आणि पॉलिजेनिक स्कोअर? एपीओई सोडून बाकीच्या जनुकांची बेरीज करतात ती. जाहिरातीत तर 'तुमचा मेंदू-धोका ८२व्या शतमकात' वगैरे असतं.

साखरभात

बेरीज सोपी आहे, घटक निवडणं अवघड. अल्झायमरवरच्या २०२२ च्या मोठ्या जनुकीय अभ्यासात १,११,३२६ रुग्ण आणि ६,७७,६६३ तुलनेची माणसं होती. धोक्याशी जोडलेल्या ७५ जागा मिळाल्या, त्यातल्या ४२ नव्या. प्रत्येक जागेचं वजन गुणिले तुमच्याकडच्या प्रती, मग बेरीज.

आता खाचाखोचा.

पहिलं, त्या 'रुग्णांत' बरेच जण रुग्ण नाहीतच. यूके बायोबँकेत लोकांना विचारलं, आई-वडिलांना डिमेन्शिया होता का? 'हो' म्हणणारा प्रतिनिधी-रुग्ण धरला. वडील पन्नाशीत हृदयविकाराने गेले असतील तर उत्तर 'नाही', पण त्याने कळलं काहीच नाही.

दुसरं, ज्या साठ्यातून वजनं काढली त्याच साठ्यावर स्कोअर लावून मेंदूच्या आकाराशी जोडला तर संबंध फुगतो. यूके बायोबँकेवर काम करायचं तर ती वगळून काढलेली वजनं हवीत. अमेरिकेतल्या एडीएनआय या अल्झायमरच्या मेंदूचित्रांच्या अभ्यासाच्या बाबतीतही हाच घोळ होतो, कारण तीही माणसं बऱ्याच जुन्या अभ्यासांत मोजलेली आहेत.

तिसरं, एपीओईचा परिसर १९व्या गुणसूत्रावरून दोन्ही बाजूंनी सुमारे दहा लाख अक्षरांपर्यंत छाटायचा आणि एपीओई वेगळा घटक म्हणून मोजायचा. नुसत्या त्या दोन जागा काढून भागत नाही. शेजारच्या जागा एपीओईबरोबरच वारशाने येतात, त्या राहिल्या तर 'एपीओई वगळून' या शीर्षकाखाली एपीओईच परत मोजला जातो.

शेजारी किती चुगलखोर असतात याचं उदाहरण जेम्स वॉटसनचं. डीएनएच्या रचनेबद्दल नोबेल मिळालेला हा माणूस. त्याचा संपूर्ण जनुकसंच २००८ मध्ये प्रसिद्ध झाला तेव्हा फक्त एपीओई झाकून ठेवा, अशी त्याची अट होती. एपीओई झाकलं, शेजार उघडा राहिला. त्यावरून ते ओळखता येईल हे इतर शास्त्रज्ञांनी दाखवून दिल्यावर आजूबाजूचा मोठा पट्टाही काढून टाकावा लागला.

दोनपैसे

चुगलखोर शेजारी! हे लक्षात राहील.

आणखी एक भर. स्कोअर काढताना कुठल्या जागा घ्यायच्या यासाठी पी-मूल्याची (संबंध निव्वळ योगायोगाने दिसण्याच्या शक्यतेची) दहा वेगवेगळी बंधनं लावून बघतात, आणि जिथे हिप्पोकॅम्पसशी संबंध सर्वांत छान दिसतो ते छापतात. दहा उंबरठे गुणिले तीस मेंदूभाग म्हणजे तीनशे प्रयत्न. काहीतरी लागणारच. दुसऱ्या साठ्यात तोच उंबरठा, तोच भाग, पुन्हा दिसला का, एवढंच विचारायचं.

कोकमसार

हे सगळं युरोपीय लोकांचं झालं. आपल्याकडचं काय?

आडकित्ता

थोडकं आहे, पण मोलाचं आहे. हरियाणातल्या बल्लभगडमधल्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात ई४चं प्रमाण सुमारे ७ टक्के निघालं. तुलनेला घेतलेल्या पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगाहेला खोऱ्यात ते ११ टक्के होतं. अल्झायमरशी ई४चा संबंध मात्र दोन्हीकडे जवळपास सारखा. लासी-डॅड या देशव्यापी पाहणीने साठीपुढच्या लोकांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं, असं मांडलं. त्यात जनुकीय माहितीही घेतलेली आहे. मेंदूची चित्रं, रक्त आणि स्मरणचाचण्या यांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतलं मेंदू संशोधन केंद्र करतंय, कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यात. खेड्यातली, पंचेचाळिशी ओलांडलेली माणसं. या प्रश्नाचं आपल्यासाठी उपयोगी उत्तर आलं तर अशाच ठिकाणाहून येईल.

वंशानुसार फरक पडतो हे १९९७ च्या मोठ्या एकत्रित विश्लेषणातच दिसलं होतं. ई४/ई४ मुळे धोका गोऱ्यांत साधारण १५ पट, जपान्यांत ३३, आफ्रिकी-अमेरिकनांत ६ च्या आत. जनुक तेच, मग बाकीचा जनुकसंच आणि परिस्थिती यांचा वाटा केवढा असेल बघा. म्हणून युरोपीय वजनांवर काढलेला पॉलिजेनिक स्कोअर आणि त्यातलं '८२वं शतमक' मराठी माणसाला लावणं म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा. शतमक कुणाच्या रांगेतलं, हे आधी विचारा.

कोकमसार

मग निरोगी माणसाच्या एमआरआय रिपोर्टमध्ये 'एज रिलेटेड सेरेब्रल अ‍ॅट्रॉफी' आणि 'मायक्रोअँजिओपॅथिक चेंजेस' लिहिलेलं असतं, त्याचं काय करायचं? घरी रडारड होते त्यावरून.

तिरफळ

पहिल्या वाक्याचा अर्थ 'वयाप्रमाणे'. सत्तरीच्या माणसाच्या गुडघ्याच्या एक्स-रेत झीज दिसावी तसं. त्यात डिमेन्शिया कुठेच म्हटलेला नाही. दुसरं म्हणजे बारीक रक्तवाहिन्यांमुळे पडलेले पांढऱ्या द्रव्यातले डाग.

उपयोगी रिपोर्ट हवा असेल तर रेडिओलॉजिस्टना तीन गोष्टी लिहून मागा. मध्य टेम्पोरल खंडाच्या झिजेचा शेल्टन्स गुण, ० ते ४. तो हिप्पोकॅम्पसच्या लांब अक्षाला काटकोनात घेतलेल्या छेदांवरच नीट देता येतो. ढोबळ नियम असा की पंचाहत्तरीआधी २ किंवा जास्त, आणि पंचाहत्तरीनंतर ३ किंवा जास्त असेल तर लक्ष द्यायचं. दुसरं, पांढऱ्या डागांचा फॅझेकस गुण, ० ते ३. सत्तरीत १ अगदी सर्रास दिसतो. २-३ आला तर आधी रक्तदाबाकडे, साखरेकडे बघा. तिसरं, एसडब्ल्यूआय (रक्ताचे जुने अंश दाखवणाऱ्या) चित्रावर सूक्ष्म रक्तस्रावाचे ठिपके आहेत का, आणि मेंदूच्या कडेला की खोल. ई४ असलेल्यांत कडेचे ठिपके जास्त दिसतात, कारण अमायलॉइड रक्तवाहिन्यांच्या भिंतींतही साचतं.

हा तिसरा मुद्दा पुढे औषधाच्या वेळी कामाला येतो. लेकॅनेमॅब या अमायलॉइड काढणाऱ्या औषधाच्या चाचणीत मेंदूला सूज येण्याचं प्रमाण ई४ नसलेल्यांत ५.४ टक्के होतं, एक प्रत असलेल्यांत १०.९, दोन असलेल्यांत ३२.६. म्हणून ते औषध सुरू करण्याआधी एपीओई तपासतात. ते औषध लक्षणं सुरू झालेल्यांसाठी आहे, धडधाकट माणसांसाठी नाही.

पायवाट

आणि दर वर्षी एमआरआय करून झीज मोजली तर? एका स्कॅनपेक्षा दोन बरे.

तिरफळ

तत्त्वतः हो. निरोगी वृद्धांत हिप्पोकॅम्पस वर्षाला सुमारे १.४ टक्के कमी होतो, अल्झायमरमध्ये ४.७ च्या आसपास. पण त्याच माणसाला त्याच मशीनमध्ये लागोपाठ दोनदा घातलं तरी आकडा टक्का-दोन टक्के इकडेतिकडे होतो. शिवाय पाणी कमी प्यायलं तर मेंदूचं आकारमान किंचित घटतं. म्हणजे एका वर्षाची खरी झीज आणि मोजण्यातली चूक एकाच मापाची. मशीन वेगळं असेल तर विषयच संपला. दोन-तीन वर्षांचं अंतर, तेच केंद्र, स्कॅनची तीच पद्धत (सिक्वेन्स), आणि आकडे काढायला दोन स्कॅन जोडून बघणारी पद्धत, एवढं जमत असेल तर अर्थ आहे. लक्षणं नसताना पदरचे हजारो रुपये खर्चून हे करायला मी सांगणार नाही.

दोनपैसे

झीज कमी करायला काय, हा प्रश्न येईलच, म्हणून आधीच. २०११ चा अमेरिकेतला प्रयोग: १२० वृद्ध, अर्ध्यांना आठवड्यातून तीनदा ४० मिनिटं भराभर चालणं, अर्ध्यांना नुसतं ताणण्याचे व्यायाम. वर्षाने चालणाऱ्यांचा हिप्पोकॅम्पस सुमारे २ टक्क्यांनी वाढला, दुसऱ्या गटाचा कमी झाला. प्रयोग लहान आहे आणि नंतरच्या सगळ्या प्रयोगांत हे इतकं नेटकं दिसलं नाही. फिनलंडचा फिंगर प्रयोग मोठा, १२६० माणसं, दोन वर्षं. आहार, व्यायाम, मेंदूला काम आणि रक्तदाब-साखरेवर नजर असं सगळं एकत्र. विचारशक्तीच्या चाचण्यांत फायदा दिसला, आणि ई४ असलेल्यांनाही तो मिळाला. मेंदूच्या आकारमानात मात्र तसा फरक दिसला नाही. मला हे उलट दिलाशाचं वाटतं. स्कॅन जागच्या जागी, माणूस बरा.

साखरभात

तपासणी करून घेण्याआधी एकच विचार करा: उत्तर तुमच्या एकट्याचं नसतं. आई किंवा वडील ई४/ई४ असतील तर प्रत्येक मुलाकडे किमान एक प्रत नक्की, त्यात जर-तर नाही. मुलांनी विचारलं नसताना त्यांचाही रिपोर्ट त्यांच्या हातात जातो. कौटुंबिक गटावर फोटो टाकण्याआधी थांबा.

कोकमसार

सगळ्यांचे आभार. शेवटचं: आधी केलेला एखादा जुना एमआरआय असेल तर तो तुलनेला चालतो का?

तिरफळ

चालतो, आणि कधीकधी नव्यापेक्षा तोच जास्त कामाचा. फक्त डोळ्यांनी तुलना, आकड्यांची नाही. फिल्म किंवा मोबाइलवर काढलेला फिल्मचा फोटो नको. केंद्रातून दिलेली सीडी हवी, डायकॉम (मशीनमधल्या मूळ चित्रांच्या) फाइलींची. जुन्या सीडी कालांतराने वाचेनाशा होऊ शकतात, म्हणून आजच सगळं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवून घ्या, आणि फोल्डरला तारीख द्या. फाइलींची नावं मात्र बदलू नका.